हाड शाबूत, उपचार अर्धवट

एक्स-रेची फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर ‘हाड मोडलेलं नाही’ असे म्हणाले, की सोबतच्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. लगेच घरी फोन जातो, ‘काही नाही, नुसतं मुरगळलंय.’ चिठ्ठीवर पाच दिवसांच्या गोळ्या, एक मलम, क्रेप बँडेज आणि ‘आराम करा’ एवढा सल्ला असतो. पाचव्या दिवशी गोळ्या संपतात, आठव्या दिवशी बँडेज कपाटात जाते आणि प्रकरण मिटले असे सगळेच धरून चालतात. घोटा, गुडघा किंवा खांदा दुखावला असेल, तर नेमकी हीच वेळ खऱ्या उपचारांची असते, आणि ती आपण वाया घालवतो. मग वर्षभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो, जिना उतरताना गुडघ्याचा भरवसा वाटत नाही, फळीवरचा डबा काढायला हात वर जात नाही. त्या वेळी मात्र ‘आता वय झालं’ किंवा ‘थंडीनं जुनं दुखणं वर आलं’ अशी कारणे सापडतात.

हाड मोडले की आपण सगळे शहाण्यासारखे वागतो. प्लास्टर घालतो, सहा आठवडे थांबतो, पुन्हा एक्स-रे काढतो, प्लास्टर निघाल्यावर व्यायामही करतो. कामावर रजा मागायला संकोच वाटत नाही, कारण पांढरे प्लास्टर सगळ्यांना दिसते. लिगामेंट फाटले तर यातले काहीच होत नाही. शरीराच्या हिशेबात मात्र हाड मोडणे हे दर वेळी मोठे आणि लिगामेंट फाटणे हे दर वेळी छोटे नसते. हाडाला रक्तपुरवठा चांगला असतो आणि ते भरून येते ते हाडानेच. लिगामेंटला रक्तपुरवठा कमी, आणि ते भरून येते ते वणासारख्या ऊतीने. ही ऊती पक्की व्हायला महिने लागतात, कधी वर्षही जाते. म्हणूनच साध्या फ्रॅक्चरचा माणूस दोन-तीन महिन्यांत ते विसरून जातो आणि ‘नुसतं मुरगळलेला’ माणूस दोन वर्षांनीही खड्डा दिसला की पाऊल जपून टाकतो.

नेमके काय दुखावते?

हाडांशिवाय शरीराला आधार आणि हालचाल देणारे जे काही आहे, त्याला वैद्यकात मऊ ऊती म्हणतात. त्यात तीन गोष्टी मुख्य. हाडाला हाडाशी बांधून ठेवणारी पट्टी म्हणजे लिगामेंट किंवा अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे टेंडन किंवा कंडरा. आणि प्रत्यक्ष जोर लावणारा तो स्नायू. पाय वेडावाकडा पडून लिगामेंट ताणले वा फाटले, तर आपण मुरगळणे किंवा लचकणे म्हणतो. पळताना मांडीत कळ येऊन माणूस जागीच थांबतो, तेव्हा बहुधा स्नायूचे काही धागे तुटलेले असतात. बाहेरून मार बसून आत रक्त साकळते, तो मुका मार. घरोघरी या सगळ्याला ‘शीर चढली’ किंवा ‘नस आखडली’ असे एकच नाव मिळते. प्रत्यक्षात त्यात शिरेचा किंवा नसेचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

यातले काहीही साध्या एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे हाडांचा फोटो काढतो. तो निर्दोष निघाला याचा अर्थ इतकाच, की हाडांचा प्रश्न नाही. लिगामेंट नुसते ताणले आहे, अर्धवट फाटले आहे की पुरते तुटले आहे, हे हाताने तपासूनच बहुतेक वेळा कळते. कधी तपासणी चार-पाच दिवसांनी सूज उतरल्यावर पुन्हा करावी लागते. ही दुसरी तपासणी आपल्याकडे क्वचितच होते, कारण पेशंट परत येत नाही आणि त्याला परत या असे ठासून सांगितलेलेही नसते.

व्यावसायिक खेळाडूचे उदाहरण पाहा. नीरज चोप्राने जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीन इथे जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले, तेव्हा त्याच्या जांघेचा स्नायू दुखावला होता. कुठलेही हाड मोडलेले नव्हते. तरी एमआरआय झाला, महिनाभर विश्रांतीचा सल्ला मिळाला आणि त्याने बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा सोडून दिली. २६ ऑगस्टला तो लोझानच्या डायमंड लीगमध्ये उतरला आणि जिंकला. प्रत्येकाला एमआरआय हवा असे नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. पण दुखापतीचे नाव, तिची पायरी, भरून यायला लागणारा काळ आणि कामावर परतण्याचा क्रम, या गोष्टी सांगायला यंत्र लागत नाही. त्या प्रत्येक पेशंटला मिळायला हव्यात.

विश्रांतीचा जुना मंत्र

दुखापतीनंतर पूर्ण विश्रांती हवी, ही समजूत आली कुठून? १९७८ साली अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी क्रीडावैद्यकावरच्या पुस्तकात चार गोष्टींचे सूत्र मांडले : विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘राइस’ हा शब्द तयार झाला. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तो जगभर पसरला. शाळेच्या मैदानापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे हेच शिकवले गेले. पुढे २०१४ मध्ये खुद्द मर्किन यांनीच लिहिले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्ही गोष्टी दुखापत भरून यायला मदत करण्याऐवजी उशीर करत असाव्यात. दरम्यान २०१२ मध्ये ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकात ‘विश्रांती’च्या जागी ‘योग्य इतका भार’ हा शब्द सुचवला गेला होता. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकातून नवे सूत्र आले, त्यात बर्फाला जागाच नव्हती. सुरुवातीचे दोन-तीन दिवस जपा, पेशंटला नीट समजावून सांगा, आणि मग लवकरात लवकर हालचाल व भार सुरू करा, असा त्याचा गाभा आहे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दुखापतीनंतरचे पहिले काही दिवस सूज, उष्णता आणि दुखणे असते. ही सूज नुसता त्रास नसतो. तुटलेल्या धाग्यांचा कचरा उचलणाऱ्या आणि दुरुस्ती सुरू करणाऱ्या पेशी याच काळात तिथे पोचतात. पुढचे दोन-तीन आठवडे शरीर घाईघाईने कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे नवे धागे घालते. हे धागे पसरलेल्या काथ्यासारखे, कसेही, कोणत्याही दिशेने पडलेले असतात. तिसरा टप्पा काही महिने चालतो. त्यात हे धागे एका दिशेत लागतात, जाड होतात आणि पक्के होतात. कोणत्या दिशेत लागायचे हे त्यांना ताणावरून कळते. काथ्याचा दोर वळायचा तर तो ताणूनच वळावा लागतो, तसेच हे आहे. ताणच पडला नाही, तर ऊती भरते खरी, पण कच्ची राहते, आजूबाजूला चिकटते, सांधा आखडतो आणि न वापरलेला स्नायू झपाट्याने बारीक होतो. पहिल्याच दिवशी अतिताण दिला तर नवे धागे पुन्हा तुटतात. म्हणून उपचार म्हणजे ताणाची मात्रा ठरवणे. औषधाची जशी मात्रा असते, तशीच हालचालीची असते, आणि चिठ्ठीवर तीच नेमकी लिहिलेली नसते.

घोट्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दुखावते. लिगामेंटमध्ये मज्जातंतूंची बारीक टोके असतात. पाऊल किती वळले, जमीन उतरती आहे की सपाट, याची खबर ती मेंदूला देत असतात. पाय वाकडा पडू लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत पोटरीचे स्नायू आवळले जातात ते या खबरेमुळे. लिगामेंट फाटले की ही यंत्रणाही बिघडते. दुखणे गेले, सूज गेली, तरी खबर उशिराच पोचते. स्टेशनच्या पायऱ्यांवर किंवा फुटपाथच्या कडेवर तोच पाय पुन:पुन्हा मुरगळतो, त्याचे कारण बहुधा हे असते. वेगवेगळ्या अभ्यासांत घोटा मुरगळलेल्यांपैकी २० ते ४० टक्के लोकांना दीर्घकाळ अस्थिर घोट्याचा त्रास राहिलेला आढळला आहे. ‘नुसतं मुरगळलंय’ या शब्दांना हा आकडा शोभत नाही.

ही यंत्रणा पुन्हा शिकवता येते, आणि त्यासाठी मोठ्या दवाखान्याची गरज नसते. नेदरलँड्समध्ये नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २००९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत आठ आठवडे घरीच, कोणाच्या देखरेखीशिवाय करायचे तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३३ टक्के लोकांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. इतका फरक पाडणारी एखादी गोळी निघाली असती, तर तिच्या जाहिरातींनी रस्ते भरले असते.

गोळ्यांच्या बाबतीत सढळ हात

याउलट आपल्या चिठ्ठ्यांवर काय असते ते पाहा. सूज उतरवण्यासाठी म्हणून सेराटिओपेप्टिडेज नावाचे विकर आपल्याकडे वर्षानुवर्षे लिहिले जाते, कित्येकदा वेदनाशामकासोबत एकाच गोळीत. जपानमध्ये हे औषध विकणाऱ्या ताकेदा कंपनीने २०११ साली ते स्वत:हून बाजारातून मागे घेतले, कारण नव्याने केलेल्या चाचण्यांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. आपल्याकडे मात्र ते अजून सर्रास दिले जाते.

पोटात घेण्याच्या वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे कमी होते, यात शंका नाही. पण पित्ताचा, अल्सरचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांसाठी त्या निर्धोक नाहीत. दुकानातून परस्पर आणून पंधरा-पंधरा दिवस खाणे तर कोणासाठीच बरे नाही. गंमत अशी, की ज्या मलमाला आपण दुय्यम समजतो, त्याच्या बाजूने पुरावा चांगला आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील फिजिशियन आणि कुटुंबवैद्यांच्या दोन प्रमुख संघटनांनी मिळून मार्गदर्शिका काढली. पाठीचे दुखणे सोडून अशा ताज्या दुखापतींसाठी डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाचे जेल हा पहिला उपाय असावा, अशी त्यांनी शिफारस केली. जेल हलक्या हाताने लावायचे असते, रगडून चोळायचे नसते. बर्फाने दुखणे कमी वाटते, म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत पंचात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवायला हरकत नाही. त्याने जखम लवकर भरते असे मात्र समजू नये.

आता घरगुती उपायांविषयी. आंबेहळदीचा लेप, तुरटी-हळद, गरम विटेचा शेक, यांची खिल्ली उडवण्याचे कारण नाही. लेपाने कोणाचे नुकसान झाल्याचे फारसे दिसत नाही, आणि लेप लावलेला माणूस थोडा वेळ पाय वर करून बसतो हाही फायदाच. शेक मात्र पहिले दोन दिवस टाळावा, त्याने सूज वाढू शकते. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत आजही गावोगाव आहे. पुष्कळांना त्याने बरे वाटते, कारण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप कमी होतच असते. श्रेय पायाळूला मिळते एवढेच.

मालिशीबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ताज्या दुखापतीवर, विशेषत: कोपरावर, जोरात मालीश करणे धोक्याचे आहे. मार लागलेल्या स्नायूला पुन:पुन्हा रगडले आणि सांधा जबरदस्तीने वाकवला, तर त्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते. मग कोपर अर्ध्यावर अडकते, हात तोंडापर्यंत पोचत नाही. झाडावरून किंवा सायकलवरून पडलेल्या लहान मुलांना हे भोगावे लागते, हे अधिक वाईट. अस्थिरोगाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत हा धोका आवर्जून लिहिलेला असतो.

तरीही लोक हाडवैद्याकडे का जातात, याचा विचार डॉक्टरांनी केला पाहिजे. तो जवळ असतो, स्वस्त असतो, दुखऱ्या जागेला हात लावतो, काय झाले ते आपल्या भाषेत सांगतो आणि ‘परवा परत या’ म्हणतो. दवाखान्यात एक्स-रेवर नजर टाकून दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते. लोक ज्याच्या शोधात असतात ती गोष्ट म्हणजे लक्ष. ते आधुनिक वैद्यकाने दिले, तर निम्मी मालीश आपोआप बंद होईल.

हळूहळू येणारे दुखणे

सगळ्या मऊ ऊतींच्या दुखापती एका झटक्यात होत नाहीत. कंडरांचे दुखणे हळूहळू येते. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराच्या दुखण्यामुळे ‘टेनिस एल्बो’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला. पण हे दुखणे टेनिसपटूंपेक्षा कपडे पिळणाऱ्या, कणीक मळणाऱ्या, पाण्याच्या बादल्या उचलणाऱ्या हातांना आणि सुतार, रंगारी, गवंडी यांना जास्त होते. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे जोडलेले असतात, तिथली कंडरा रोजच्या भाराने झिजते.

यावर झटपट उपाय म्हणून स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. ऑस्ट्रेलियात १९८ पेशंटवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांत खूश होते. वर्षअखेर चित्र उलटे झाले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे दुखणे परतले आणि व्यायाम केलेले, इतकेच काय, नुसती वाट पाहिलेले लोकही त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत होते. इंजेक्शनला कधीच जागा नाही असे नव्हे. आखडलेल्या खांद्यात त्याचा उपयोग होतो. पण ‘एक सुई मारा आणि मोकळं करा’ असा हट्ट धरणाऱ्याने वर्षभरानंतरचे चित्रही विचारून घ्यावे.

कंडरा भार टाळून बरी होत नाही, मोजून भार दिल्याने होते, हे दाखवणारे काम स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. टाचेच्या वरची कंडरा दुखत असलेल्या १५ धावपटूंना त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला. दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. ते सगळे पुन्हा पळू लागले. आज याच तत्त्वाचे सौम्य प्रकार टाच, गुडघा, कोपर आणि खांद्यासाठी वापरले जातात. खांद्याबद्दल एक इशारा : मधुमेह असलेल्यांचा खांदा चटकन आखडतो. त्यांनी किरकोळ दुखण्यासाठी हात आठवडेच्या आठवडे झोळीत अडकवून ठेवू नये.

आराम कोणाला परवडतो?

‘आराम करा’ हा सल्ला ऐकायला प्रेमळ असला, तरी बहुसंख्य लोकांसाठी तो निरुपयोगी आहे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तीन आठवडे बसली, तर एखादे घर सुटते. हमालाची मजुरी त्या दिवशीच बुडते. घरातल्या गृहिणीला तर रजाच नाही, ती बँडेज बांधून ओट्यापाशी उभी राहते. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे, पण असंघटित कामगार त्याच्या बाहेर आहेत. आणि फिजिओथेरपी? प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट सहसा नसतो. शहरात आहेत, पण रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या अशा उपचाराचे पैसे बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी देत नाहीत. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली तर खर्च मिळतो, ती टळावी म्हणून केलेल्या व्यायामाचा मिळत नाही.

म्हणूनच मोजक्या हालचालीचा सल्ला गरीब माणसाच्या अधिक उपयोगाचा आहे. ‘तीन आठवडे बसा’ हे त्याला जमत नाही. ‘तीन दिवस सांभाळा, मग बँडेज बांधून सपाट जमिनीवर चाला, पंधरा दिवस ओझे उचलू नका, आणि हे दोन व्यायाम रोज करा’ हे जमण्यासारखे आहे.

यावर डॉक्टरांचा आक्षेप असतो, की ओपीडीत शंभर पेशंट असताना एवढे सांगणार कोण? तो खरा आहे. पण त्यासाठी वेळेपेक्षा कागद जास्त लागतो. घोटा, गुडघा, कंबर आणि खांदा, अशी चार अर्ध्या पानाची मराठी पत्रके, चित्रांसह, एक्स-रे विभागाच्या खिडकीवर ठेवायला किती खर्च येईल? ‘दहा दिवसांनी परत या’ हे वाक्य चिठ्ठीवर छापूनच ठेवता येईल. उपकेंद्रांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवणे एका दिवसाचे काम आहे. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्य व्यवसायांना स्वतंत्र राष्ट्रीय आयोग मिळाला. त्यांची पदे तालुका पातळीपर्यंत भरली गेली, तर त्या कायद्याचा उपयोग लोकांना दिसेल. शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी आणि गोविंदा पथकांनीही प्रथमोपचाराच्या पेटीत या गोष्टींची माहिती ठेवावी.

दुसरा आक्षेप घरातून येतो : चालायला लावले आणि आणखी फाटले तर? त्यासाठी एक साधा नियम आहे. व्यायाम करताना थोडे दुखले, दहापैकी तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे-सूज वाढलेली नसेल, तर मात्रा योग्य आहे. वाढली असेल तर एक पायरी मागे यावे, पूर्ण थांबू नये.

मुरगळलेल्या घोट्याचा क्रम

पहिले दोन-तीन दिवस पाय उंचावर ठेवा, क्रेप बँडेज बोटे निळी पडणार नाहीत इतपत बांधा, गरज वाटल्यास काठी घ्या. मालीश, शेक आणि दारू टाळा. बोटे आणि घोटा मात्र पहिल्या दिवसापासून सोसेल तितका हलवत राहा. आडवे पडून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवणे हा सोपा व्यायाम आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरात सपाट जमिनीवर, होता होईल तो न लंगडता, छोटी पावले टाकत चाला. दुसऱ्या आठवड्यात ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. पुढे एकाच पायावर हे करायचे. तोल सांभाळण्यासाठी दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहा, आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून, मग घडी घातलेल्या चादरीवर. हा व्यायाम दुखणे थांबल्यावरही आठ आठवडे सोडू नका. एका पायावर उडी मारता येऊ लागली, की कबड्डी किंवा बॅडमिंटनला परतायला हरकत नाही.

हे सगळे साध्या दुखापतीसाठी. एक्स-रे कधी हवाच, यासाठी कॅनडातील ओटावा इथे डॉ. इयन स्टिल यांच्या गटाने १९९२ मध्ये नियम मांडले, आणि ते जगभर पारखले गेले आहेत. दुखापत झाल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरचा उंचवटा किंवा आतल्या बाजूचे मधले हाड दुखत असेल तरीही. यातले काहीच नसेल तर मोठ्या माणसात फ्रॅक्चर निघण्याची शक्यता अगदी थोडी असते. लहान मुलांत वाढीच्या जागेतले हाड लिगामेंटपेक्षा नाजूक असते, म्हणून त्यांना डॉक्टरांना दाखवावेच. ठिसूळ हाडांच्या वृद्धांनाही.

काही लक्षणांत तर घरी थांबूच नये. टाचेच्या वर ‘कट्’ असा आवाज येऊन चवड्यावर उभे राहता न येणे. गुडघा पिरगळल्यावर दोन-चार तासांत टम्म सुजणे. मार लागलेली पोटरी दगडासारखी घट्ट होऊन दुखणे तासागणिक वाढणे. बोटे गार किंवा बधिर पडणे. सांधा जागेवरून सरकलेला दिसणे. काही मार नसताना एकच पोटरी सुजणे, कारण तिथे रक्ताची गुठळी असू शकते. सुजेसोबत ताप येणे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर मुका मारही दाखवून घ्यावा.

बाकी बहुसंख्य लोकांसाठी मागणी छोटी आहे. ‘हाड मोडलेलं नाही’ हे ऐकल्यावर खुर्चीतून लगेच उठू नका. तीन प्रश्न विचारा : नेमके काय दुखावले आहे आणि किती? कोणत्या दिवसापासून कोणती हालचाल करू? पुन्हा तपासायला कधी येऊ? डॉक्टरांनी उत्तरे गोळ्यांच्या नावांखाली, चिठ्ठीवरच लिहून द्यावीत. दोन ओळी पुरतात. त्या लिहिल्या आणि पाळल्या गेल्या, तर पुढच्या वर्षी त्याच घोट्यासाठी त्याच दवाखान्यात यावे लागण्याची शक्यता बरीच कमी होईल.